बोली, माणूस आणि नाते : खानदेशातून भाषेचा मानवशास्त्रीय विचार

दरवर्षी जूनच्या मध्यास आपल्या वसतिगृहाच्या ओट्यावर एक प्रसंग घडतो. साक्री, पारोळा, अमळनेर, शिरपूर अशा तालुक्यांतून आलेली एखादी आई लोखंडी पेटी खाली ठेवते आणि शिक्षकांना सावकाश, शब्द जुळवून सांगते, "सर, पोरगा जरा लाजाळू आहे, लक्ष असू द्या." लगेच मुलाकडे वळून म्हणते, "दिवाईले तुले लेवाले येसू." पहिले वाक्य संस्थेसाठी असते, दुसरे लेकरासाठी. दिवाळीला तुला न्यायला येईन, एवढाच त्याचा अर्थ. पण ते वाक्य तिने आमच्याशी बोलण्याच्या मराठीत उच्चारले असते, तर मुलाला ते आपल्या आईचे वाटले नसते.

त्यानंतरचा महिनाभर ते मूल फारसे बोलत नाही. आम्ही शिक्षक मंडळी पूर्वी अशा मुलास बुजरा म्हणत असू, कधी मंदही म्हणत असू, आणि वहीत 'उच्चार अशुद्ध' असा शेरा देत असू. हे आमच्या हातून झाले आहे आणि स्मरणिकेच्या पानांवर ते नोंदवण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. ज्यांना तो शेरा मिळाला त्यांच्यापैकी कित्येक जण आज हे पान वाचत असतील. त्या शेऱ्यात चूक कोणती होती, हे समजून घेण्यासाठी ज्या विद्याशाखेचा आम्हांस उपयोग झाला, तिची ओळख करून द्यावी म्हणून हा लेख.

भाषेचा अभ्यास दोन बाजूंनी करता येतो. वैयाकरण शब्द, प्रत्यय, वाक्यरचना पाहतो. मानवशास्त्राचा अभ्यासक त्याच भाषेसमोर बसून निराळे प्रश्न विचारतो : हे वाक्य कोणी कोणास म्हटले? कोणासमोर म्हटले? कोणास म्हणता आले नसते? आणि काही न बोलता गप्प राहणे या गावात कशाची खूण मानतात? ओट्यावरच्या त्या आईची दोन्ही वाक्ये व्याकरणाने निर्दोष आहेत. तिने बोली का बदलली, हा प्रश्न मात्र व्याकरणाच्या कक्षेत येत नाही.

या विद्येस शिस्त देणाऱ्यांत फ्रान्झ बोआस यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. जर्मनीत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले बोआस तेथील मूलनिवासी जमातींच्या भाषांचा अभ्यास करीत होते. त्या काळी प्रवासी आणि पाद्री असे लिहीत की, या 'रानटी' लोकांचे उच्चार स्थिर नाहीत, एकच शब्द ते आज एक प्रकारे आणि उद्या दुसऱ्या प्रकारे उच्चारतात. १८८९ साली बोआस यांनी एक लहानसा निबंध लिहून दाखवून दिले की, दोष बोलणाऱ्याच्या जिभेत नसून ऐकणाऱ्याच्या कानात आहे. जो ध्वनी आपल्या भाषेत नाही, तो आपला कान जवळच्या ओळखीच्या ध्वनीत बसवून घेतो. कधी या, तर कधी त्या. 'उच्चार अशुद्ध' हा शेरा आठवून आम्ही तो विचार प्रथम समजून घेतला, तेव्हा आम्हांस काहीसे ओशाळल्यासारखे झाले.

कारण आमच्या कानाचीही तीच गत होती. अहिराणीत डोळा हा 'डोया' होतो, काळा हा 'काया', फळ हे 'फय'. पाणी 'पानी' होते. हा मुलांचा निष्काळजीपणा नव्हे. प्रमाण मराठीत जेथे ळ येतो तेथे अहिराणीत य येतो, आणि तो लहर लागेल तेव्हा येत नाही, नियमाने येतो. विभक्तीचेही तसेच. 'मला' ऐवजी 'माले', 'तुला' ऐवजी 'तुले', 'माझा' ऐवजी 'मना'. 'आहे' या अर्थी 'शे' म्हणतात. त्याला गुजराती 'छे'ची शेजारीण म्हणता येईल. 'करतो' या अर्थी 'करस', 'करीन' या अर्थी 'करसू'. ज्या मुलाने वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत ही सगळी नियमव्यवस्था कोणी न शिकवता आत्मसात केली, त्याला आम्ही मंद म्हणत होतो.

अहिराणीची पहिली मोठी शास्त्रीय नोंद जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीत झाली. त्या पाहणीच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात भिली भाषांच्या सोबत खानदेशीचा विचार केलेला आहे, मराठीच्या खंडात नव्हे. खानदेशी ही मराठीची बोली की गुजरातीच्या जवळची स्वतंत्र भाषा, हा वाद तेव्हापासून चालू आहे. तो येथे सोडवण्याचा आमचा विचार नाही. आम्हांस त्या पाहणीची पद्धत अधिक बोधप्रद वाटते. ग्रिअर्सन यांनी देशभरातून एकाच गोष्टीची भाषांतरे मागवली होती. ती बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा. सर्व ठिकाणी एकच मजकूर असल्याने प्रत्ययांची आणि क्रियापदांची तुलना उत्तम झाली, आणि त्या कामाचे ऋण मोठे आहे. पण खानदेशातला बाप आपल्या परतलेल्या मुलाशी खरोखर काय बोलेल, की काहीच न बोलता त्याच्यापुढे भाकर सरकवील, हे त्या भाषांतरातून कळण्याची सोय नव्हती. कथा सांगितली गेली, बोलणे टिपले गेले नाही.

बोलणे टिपायचे तर माणसांत राहावे लागते. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की हे पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रशांत महासागरातील ट्रोब्रिअंड बेटांवर दीर्घकाळ राहिले, आणि १९२३ साली त्यांनी आपल्या अनुभवावर एक निबंध लिहिला. माणसे पुष्कळदा काही कळवण्यासाठी बोलतच नाहीत, तर एकमेकांशी बांधलेले राहण्यासाठी बोलतात, हे त्यांनी त्यात मांडले. आपल्याकडे पारावर बसलेला म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्याला "जेवण झाले का?" असे विचारतो. त्याला कोणाच्या जेवणाची माहिती नको असते. तू मला दिसलास आणि मी तुला ओळखतो, एवढे त्याला सांगायचे असते. शहरात नोकरीस गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी आम्हांस सांगितले आहे की, तेथे सर्वांत जास्त चुकल्यासारखे वाटले ते या प्रश्नावाचून.

माणूस कोणासाठी कोणती भाषा निवडतो, याचा एक सुरेख पुरावा आपल्याच जिल्ह्यात दगडावर कोरलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्यास निकुंभ घराण्याने दाने दिली, असा त्याचा आशय. राजांची आणि विद्वानांची स्तुती संस्कृत श्लोकांत आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाकडे जाणारा भाग आता मठास द्यावा, अशा व्यवहाराच्या गोष्टी आल्या की कोरणारा जुन्या मराठीत उतरतो. कीर्ती देवभाषेत आणि देणे लोकभाषेत. ज्यांनी पैसे द्यायचे त्यांना कळले पाहिजे, हे त्या काळच्या अधिकाऱ्यांस पुरते ठाऊक होते. आजही सरकारी योजनेचे उद्घाटन एका भाषेत होते आणि वसुलीची दवंडी दुसऱ्या भाषेत, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

त्याच डोंगररांगेत पितळखोरे आहे. तेथील लेणी याहून सुमारे तेराशे-चौदाशे वर्षांनी जुनी. तेथे यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचे नाव प्राकृतात कोरलेले आढळले. पैठणच्या गंधी कुळातील मित्रदेवाने आणि राजवैद्य मागिलाच्या कुटुंबाने दिलेल्या दानांचे लेखही तेथे आहेत. सोनार, अत्तरवाला, वैद्य. ही माणसे लोकांच्या प्राकृत भाषेत आपली नावे दगडावर ठेवून गेली.

बौद्ध परंपरेत लोकभाषेला मिळालेले हे स्थान अपघाताने आलेले नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन बंधू भिक्खू तक्रार घेऊन येतात की, नाना गोत्रांचे, नाना जातींचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगून ते बिघडवीत आहेत, तेव्हा ते छंदस् भाषेत बांधून टाकावे. भगवान बुद्ध ती सूचना नाकारतात आणि 'सकाय निरुत्तिया', म्हणजे आपापल्या बोलीत, वचन शिकण्याची मुभा देतात. या 'आपापल्या' शब्दावर पुढे टीकाकारांचा वाद झाला. आचार्य बुद्धघोषांनी त्याचा अर्थ बुद्धांची स्वतःची मागधी असा घेतला. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांचा कल भिक्खूंची स्वतःची बोली या अर्थाकडे आहे. मज्झिमनिकायातील अरणविभंग सुत्त तर आणखी पुढे जाते. एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत पाती, पत्त, सराव अशी निरनिराळी नावे आहेत. तेव्हा ज्या प्रदेशात ज्या नावाने ओळखतात तेथे ते वापरावे आणि 'हेच खरे, बाकीचे खोटे' असा हट्ट धरू नये, असे त्यात सांगितले आहे. शब्द हा वस्तूच्या अंगी चिकटलेला नसून माणसांच्या संकेतातून येतो, ही गोष्ट भाषाविज्ञानाचा विद्यार्थी आज पहिल्या वर्षात शिकतो. सुत्तात तिचा उद्देश भांडण टाळणे हा आहे, आणि आम्हांस तो अधिक मोलाचा वाटतो.

मात्र बोलीविषयीचा जिव्हाळा आंधळा असू नये. बोलीत माया असते तशी उतरंडही असते, आणि आपल्या वाचकांस ती शिकवण्याची आवश्यकता नाही.

जॉन गम्पर्झ या अभ्यासकाने १९५० च्या दशकात उत्तर प्रदेशातील सहारनपूर जिल्ह्यातल्या खालापूर गावी राहून तेथील बोलींचा अभ्यास केला. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातील निष्कर्ष मुळातून वाचण्यासारखे आहेत. एकाच गावात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही अस्पृश्य मानलेल्या जातींची बोली इतरांपेक्षा वेगळी राहिली होती. सफाईचे काम करणारी माणसे रोज सवर्णांच्या घरी जात, त्यांचे बोलणे ऐकत, त्यांना उत्तरे देत. तरीही फरक टिकला होता. असे का? केवळ कामापुरत्या संपर्काने बोली एक होत नाही, असे गम्पर्झ यांस आढळले. मुले ज्यांच्याबरोबर खेळतात, मोठी माणसे ज्यांच्याबरोबर निवांत बसून मोकळेपणी बोलतात, त्यांची बोली अंगात उतरते. अंगणापर्यंत येणे आणि ओसरीवर बसणे यांत जे अंतर होते ते उच्चारांत मोजता आले. अस्पृश्यतेचे अंतर मोजणारी याहून नेमकी मोजपट्टी आमच्या वाचनात नाही.

पुढे याच गम्पर्झ यांनी रॉबर्ट विल्सन यांच्यासमवेत सांगली जिल्ह्यातील कुपवाडचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे कानडी, मराठी आणि उर्दू यांचे व्याकरण शेकडो वर्षांच्या शेजाराने इतके जवळ आले होते की वाक्यातला एकेक शब्द बदलत गेले की दुसऱ्या भाषेतले वाक्य तयार व्हावे. शब्द मात्र प्रत्येक घराने आपले आपले जपले होते. घराघरांतल्या व्यवहारात सर्वांना मधली म्हणून मराठी चाले, कारण ती गावातल्या वरचढ गटांपैकी कोणाच्याच घरची नव्हती.

अभिवादनाचे उदाहरण तर आपल्या घरातलेच आहे. महार माणसाने गावच्या पाटलास, देशमुखास वाकून 'जोहार' घालायचा, आणि समोरच्याने त्यास एकेरी नावाने हाक मारायची, हा शेकडो वर्षांचा संकेत होता. वाक्यात एकही अपशब्द नसताना माणसाला रोज सकाळी त्याची पायरी दाखवण्याचे काम तो एक शब्द करीत असे. 'जय भीम' या अभिवादनाच्या प्रसाराचे श्रेय कामठीचे बाबू हरदास यांस दिले जाते. त्याने काय बदलले ते नीट पाहण्यासारखे आहे. जोहार वर पाहून घालायचा असे आणि त्याचे उत्तर जोहाराने मिळत नसे. जय भीमचे उत्तर जय भीम हेच असते. दोन्ही बाजूंना एकच शब्द आला आणि उतरंड नाहीशी झाली. आम्हांस भाषेतील क्रांतीचे याहून चांगले उदाहरण ठाऊक नाही. आणि गंमत अशी की, सातपुड्याच्या पायथ्याशी आज आदिवासी तरुण परस्परांस 'जोहार' म्हणतात तेव्हा त्यात स्वाभिमान असतो. अक्षरे तीच, पण ती कोण कोणास म्हणतो यावर सारे अवलंबून. म्हणून केवळ शब्दकोश पाहून भाषा कळत नाही.

गप्प राहण्याचाही अर्थ लावावा लागतो. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. धुळे मार्गावरच्या एका गावातील बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावास परतले, तेव्हा महारवाड्यातील मंडळी त्यांना घेण्यासाठी स्टेशनवर होती. हारतुरे झाले, तरी तासभर कोणी हलेना, आणि का हलत नाही ते कोणी सांगेना. अखेर एक टांगा आला. वाटेत पुलावर तो उलटून बाबासाहेब दगडांवर आपटले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. टांगेवाल्यांनी महार माणसास नेण्यास नकार दिला होता. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकण्यास टांगेवाला तयार नव्हता. मग हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने लगाम धरला होता. हे सारे बाबासाहेबांना नंतर समजले. पाहुण्याला चालत नेणे लोकांना कमीपणाचे वाटले, आणि नकाराची गोष्ट त्यांच्या कानी घालणे त्याहून अवघड वाटले असावे. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. आम्ही वर्गात तो शिकवतो तेव्हा टांगेवाल्यांविषयी पुष्कळ बोलले जाते. त्या तासाभराच्या मौनाविषयीही बोलले जावे, असे आम्हांस वाटते.

नात्यांच्या शब्दांकडे वळू. १९५३ साली इरावती कर्वे यांनी भारतातील आप्तसंबंधांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा निरनिराळ्या प्रदेशांतील नात्यांची नावे गोळा करून त्यांतून कुटुंबरचना वाचून दाखवली. आपल्याकडे वडिलांच्या बहिणीला 'फुई' म्हणतात. गुजरातीतही तिला जवळजवळ तसेच म्हणतात, आणि देशावरच्या मराठीत ती 'आत्या' होते. तापीचे खोरे शतकानुशतके कोणत्या दिशेला व्यापार करीत आले, हे त्या एका शब्दातही दिसते. मुलगा 'आंडोर', मुलगी 'आंडेर', व्याही-विहीण म्हणजे 'याही-इहीन'. वसतिगृहात आलेली मुले पहिल्या वर्षात 'फुई' सोडून 'आत्या' म्हणू लागतात. दहावीला पोहोचेपर्यंत घरच्या फुईलाही आत्या म्हणू लागतात. मग ती जरा दूर सरकून बसते, असे एका मुलाने आम्हांस सांगितले होते.

नवऱ्याचे नाव न घेण्याच्या चालीवर शिकलेली मंडळी हसतात. त्यात बाईवरचे बंधन आहे हे खरे, आणि ते बंधन जावे हेही खरे. पण त्या बंधनात राहून बायकांनी जी भाषा घडवली तिच्याकडे पाहावे. नवऱ्याच्या नावाशी जुळणारा रोजच्या वापरातला शब्दसुद्धा टाळून त्याऐवजी दुसरा शोधायचा, आणि लग्नकार्यात उखाण्यात मात्र तेच नाव चारचौघांत खणखणीत घ्यायचे. मनाई आणि मुभा या दोन्हींच्या जागा ठरलेल्या असत.

बायकांच्या भाषेचा विषय निघाला की खानदेशात बहिणाबाई चौधरींचे नाव येणारच. असोद्यास १८८० साली जन्मलेल्या आणि १९५१ साली निवर्तलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या जे रचून म्हणत ते त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आप्त मंडळींनी उतरवून घेतले. त्यांच्या निधनानंतर आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने आली. त्यांची भाषा अहिराणी आहे असे पुष्कळ जण लिहितात. ती जळगाव-भुसावळ-यावल पट्ट्यातली लेवा बोली आहे. कागदावर उतरवणारे कोणी घरात नसते तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती. अशा किती जणींची गेली असतील, याचा हिशेब कोठे मिळायचा? हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. त्या रचणाऱ्या बायकांपैकी अनेकींना सहीसुद्धा येत नव्हती.

आता थोडे आकड्यांविषयी. जनगणनेत अहिराणी 'खानदेशी' या शीर्षकाखाली मोजतात. १९९१ साली खानदेशी भाषकांची संख्या सुमारे ९ लाख ७४ हजार होती. २००१ साली ती सुमारे २० लाख ७५ हजार झाली. २०११ साली सुमारे १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत माणसे दुपटीहून अधिक होत नाहीत आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाखांनी घटत नाहीत. बदलते ते दारात उभ्या असलेल्या प्रगणकाच्या "मातृभाषा कोणती?" या प्रश्नाला दिलेले उत्तर, आणि ते उत्तर लिहून घेण्याची व वर्गवारीची रीत. घरात दिवसभर अहिराणी बोलणारा माणूस त्या क्षणी 'मराठी' म्हणतो. खोटे बोलावे म्हणून नव्हे. सरकारी माणसासमोर घरची भाषा काढायची नसते असे तो शाळेत शिकलेला असतो. म्हणजे आमच्याकडेच.

अहिराणीवर काम करणारे लोक नाहीत असे नाही. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी तिचा भाषावैज्ञानिक अभ्यास करून शब्दकोश सिद्ध केला. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या महाराष्ट्र खंडात तिला स्थान मिळाले. धुळ्यात तर शब्दांचा शोध घेण्याची परंपरा जुनी आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी आयुष्याची अखेरची वर्षे तेथे काढली आणि १९२६ साली तेथेच त्यांचे निधन झाले. परंतु विद्वानाला गावात आठ दिवस मिळतात आणि विद्यार्थ्याला दोन महिन्यांची सुटी मिळते. शिवाय त्याच्यासमोर आजी भाषा बदलून बोलत नाही.

या विचाराने गेल्या दोन वर्षांपासून आम्ही आठवी-नववीच्या मुलांना सुटीत घरी जाताना एक कोरी वही देतो. शब्दांचे अर्थ लिहून आणा असे सांगत नाही. कोण, कोणास, कोठे, कोणत्या प्रसंगी, काय म्हणाले, आणि ऐकणाऱ्याने पुढे काय केले, एवढेच लिहायचे. दोन अटी घातल्या आहेत. ज्याचे बोलणे लिहायचे त्याला आधी सांगायचे, आणि त्याने नको म्हटले तर पान फाडायचे. घरातले भांडण किंवा कोणाची अब्रू जाईल असे काही वहीत आणायचे नाही. मुलांनी या अटी आमच्यापेक्षा अधिक काटेकोरपणे पाळल्या, असे आम्हांस आढळले.

वह्या वाचताना आमच्या पुष्कळ समजुती ढासळल्या. एका मुलाने आपल्या आजीची दिवसभरातली हाक मारण्याची रीत नोंदवली होती. बैलाला, शेळीला, कोंबड्यांना, सुनेला आणि नातवाला ती वेगवेगळ्या आवाजात बोलावते. सुनेला नावाने कधीच हाक मारत नाही, नातवाचे नाव घेऊन "तुनी मायले सांग" म्हणते, सून तेथेच उभी असली तरी. दुसऱ्याचे वडील सुरतला कापडाच्या कारखान्यात आहेत. रात्री फोनवर ते आईशी अहिराणीत बोलतात, मध्येच कोणी कारखान्यातला आला की गुजरातीत जातात, आणि मुलाने अभ्यासाविषयी विचारले की मराठीत येतात. मुलाने तीन रंगांच्या शाईने ते लिहून आणले होते. शिरपूरच्या बाजूच्या एका पावरा मुलाच्या वहीत पहिली चार पाने कोरी होती. पाचव्या पानावर त्याने लिहिले होते की, आमच्या बोलीतले आवाज मराठी अक्षरांत बसत नाहीत, कसे लिहू? हा बोआस यांचाच प्रश्न, उलट्या बाजूने आलेला. आम्ही त्याला सांगितले की, जमेल तसे लिही, आणि जेथे बसत नाही तेथे खूण कर. त्याने स्वतःच्या तीन खुणा ठरवल्या आहेत.

वर्गात आता दर शनिवारी एक तास या वह्यांचा असतो. त्या तासाला मुले आपापल्या बोलीत वाचतात आणि बाकीची अर्थ विचारतात. मराठीचे व्याकरण आम्ही सोडलेले नाही, सोडणारही नाही. आपल्या समाजाला प्रमाण भाषा आणि इंग्रजी या दोन्ही हव्यात. त्या नाकारून बोलीचे कौतुक करणे ही ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्यांची चैन आहे. आमचा अनुभव असा आहे की, 'डोया' आणि 'डोळा' यांतला नियम ज्याला एकदा कळला त्याच्या लेखनात ळ चुकत नाही. शेरे मारून जे वर्षानुवर्षे साधले नाही, ते नियम समजावून एका सत्रात साधले.

ही स्मरणिका हाती पडेल तेव्हा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा जवळ आलेला असेल. ग्रंथालयाच्या डावीकडच्या कपाटात खालच्या फळीवर या वह्या ठेवल्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी काही कोऱ्या वह्याही आहेत. ज्यांना पहिल्या महिन्यात वसतिगृहात सोडलेला शब्द आठवत असेल, त्यांनी तो प्रसंगासह लिहावा. घरी साठी ओलांडलेली आई, फुई किंवा आजी असेल तर तिला सोबत आणावे. त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर ओट्यावर तिच्यासाठी सतरंजी घातलेली असेल, आणि वही घेऊन नववीची दोन मुले बसलेली असतील.